वर्तन, चेतक आणि पराणी

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकातून आत गेले, की शेडच्या भिंतीवर बहुधा एक फलक दिसतो. मागचा अपघात होऊन किती दिवस झाले त्याचा आकडा त्यावर असतो आणि त्याच्या आसपास कुठेतरी 'सुरक्षित वर्तन' हे दोन शब्द असतात. महिन्यातून एकदा साहेब मंडळी हातात छोटी कार्डे घेऊन हिंडतात आणि कोणी हातमोजे घातले, कोणी घातले नाहीत, याच्या खुणा करतात. या खुणांना 'वर्तनाचे निरीक्षण' म्हणतात.

हा 'वर्तन' शब्द कोणत्या वाटेने या भिंतीवर येऊन पोचला, याचे मला बरीच वर्षे कुतूहल आहे. मी मॅट्रिक झालेला मास्तर. मानसशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जे काही जमले ते अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून वेचलेले. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला शब्दांचा स्वभाव हुंगण्याची खोड असते, आणि कारखान्यातल्या माणसांची मुले रोज समोर बसत असल्याने त्यांच्या घरांतले शब्दही कानांवर पडत असतात. तेवढ्या भांडवलावर ही शब्दांची वंशावळ मांडतो आहे.

आपल्याकडे हा शब्द काही परका नव्हे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात मास्तर लोक पिढ्यान् पिढ्या 'चांगली' असे लिहीत आले आहेत. दुसरे काही लिहून एखाद्या पोराचे पुढचे दार बंद करण्याची छाती सहसा कोणाची होत नाही. म्हणजे आपल्या कानाला वर्तन या शब्दात निवाडा ऐकू येतो. माणूस बरा की वाईट, हे त्यात आधीच ठरलेले असते. इंग्रजीतल्या 'बिहेव्हिअर'चीही घरगुती कथा तीच. 'नीट वाग' हे सांगायला इंग्रज आई त्याच शब्दाचे क्रियापद वापरते. या निवाड्याच्या शब्दाला धुऊनपुसून शास्त्राच्या टेबलावर ठेवण्याचा खटाटोप १९१३ साली जॉन ब्रॉडस वॉटसन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने केला.

त्याच्या आधीचे मानसशास्त्र म्हणजे मनाचे शास्त्र. जर्मनीत लाइप्झिग येथे १८७९ साली व्हुंट यांनी प्रयोगशाळा थाटली, ती माणसाने आपल्या आत डोकावून काय दिसते ते नेमके सांगावे, या भरवशावर. या डोकावण्याला आपली पुस्तके अंतर्निरीक्षण म्हणतात. पण दोन माणसांनी आत डोकावून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर खरे कोणाचे मानायचे? वॉटसन म्हणाला, आत डोकावणे सोडा. जाणीव, इच्छा, प्रतिमा, संवेदना ही सारी गाठोडी बाहेर ठेवा. दोघांनाही दिसते ते प्राण्याचे वागणे. त्याचे भाकीत करता यावे आणि त्यावर नियंत्रण ठेवता यावे, एवढेच या शास्त्राचे काम. या पंथाला मराठीत पुढे 'वर्तनवाद' असे नाव पडले.

'नियंत्रण' हा शब्द येथे नजरेआड करू नये. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९११ साली, फ्रेडरिक टेलर याने कारखान्यातल्या कामाचे तुकडे पाडून घड्याळ लावून मोजण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली होती. दोघांची गाठ पडली होती असे मी म्हणत नाही. पण एकाच देशात एकाच हंगामात आलेली ही दोन पिके आहेत आणि दोघांचाही ग्राहक पुढे एकच निघाला.

वॉटसनची पुढची हकीकत एखाद्या कादंबरीकाराला मोह पाडील अशी आहे. १९२० साली त्याने आणि रोझाली रेनर या सहकारी बाईने एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. शास्त्राच्या इतिहासात हे मूल 'अल्बर्ट' या नावाने ओळखले जाते. पांढरा उंदीर पुढे आणला, की मूल त्याला धरायला जाई. मग उंदराबरोबर मुलाच्या मागे पोलादी गजावर हातोडा हाणला जाऊ लागला. थोड्याच वेळांत नुसता उंदीर दिसला तरी मूल रडू लागले. पुढे ससा पाहूनही. भीती शिकवता येते हे सिद्ध झाले. शिकवलेली भीती उतरवण्याचे काम मात्र राहूनच गेले. मूल घरी गेले. ते काम दुसऱ्या एका मुलावर, पीटरवर, मेरी कव्हर जोन्स या बाईंनी केले आणि १९२४ साली प्रसिद्ध केले. त्यांनी ससा दुरून, हळूहळू, खाऊच्या संगतीने जवळ आणला. पहिला प्रयोग सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे, दुसरा थोड्यांत. भीती घालणाऱ्याचे नाव भीती काढणारीच्या नावापेक्षा मोठे झाले, हे मास्तर म्हणून मला फार खटकते.

त्याच १९२० साली रेनरबाईंशी जडलेल्या संबंधाचा बोभाटा होऊन वॉटसनला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडावे लागले. प्रयोगशाळेतून उठलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कला जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत जाऊन बसला आणि १९२४ पर्यंत तिचा उपाध्यक्ष झाला. याच कंपनीने १९२९ साली मुंबईत कचेरी उघडली, ती जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या जाहिरातींसाठी. जनरल मोटर्सने त्याच्या आदल्याच वर्षी शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. म्हणजे वर्तनवादाचा जनक जिच्या वरच्या खुर्चीवर होता ती पेढी, आपल्याकडच्या विद्यापीठांत त्याचे नाव रुळण्याआधी, मोटारगाड्या विकायला मुंबईत दाखल झाली होती. पुढे त्याच जनरल मोटर्सने २००८ साली चाकणच्या शेजारी तळेगावला कारखाना काढला, २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबवले, आणि २०२४ च्या आरंभी ती जागा ह्युंदाईकडे गेली.

आता रशियाकडे वळतो, कारण वर्तनवादाचे निम्मे शब्द तिकडून आले. इव्हान पाव्हलॉव्ह हा मनाचा अभ्यासक नव्हताच. तो पचनाचा अभ्यासक. १९०४ चे नोबेल पारितोषिक त्याला पचनेंद्रियांवरच्या कामासाठी मिळाले. कुत्र्याच्या लाळेचे थेंब मोजता मोजता त्याच्या ध्यानात आले, की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्याच्या पावलांनीच, लाळ सुटू लागते. घंटेची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या प्रयोगशाळेत घंटेपेक्षा टिकटिक करणारा ताललंबक, गुणगुणणारी विजेची उपकरणे आणि दिवे यांचा वापर अधिक होता.

पिंपरीकरांना हे समजवायला कुत्रा लागत नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली निघाली आणि पुढच्या वर्षापासून पेनिसिलिन करू लागली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्या दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. शेताच्या बांधावर सूर्य पाहून न्याहारीला बसणारी गावे भोंग्यावर जेवू लागली. भोंग्यात भाकरी नसते, तरी भोंगा झाला की पोटात कालवाकालव होते. आणि पाळी सुटल्याचा भोंगा ऐकून घरी कोणी तवा चुलीवर ठेवतो. पण गुरुवार आला, की गोष्ट बदलते. आमच्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. भोंगा होत नाही आणि भूक आपल्या मर्जीने, उशिरा येते.

पाव्हलॉव्हने या प्रतिक्षिप्त क्रियेला रशियन भाषेत 'उस्लोव्नी' म्हटले होते. त्याचा साधा अर्थ 'अटीवर अवलंबून असलेली'. भोंग्यामागून भाकरी येत राहील, या अटीवर टिकणारी. अट मोडली, भोंगे नुसतेच होत राहिले, की ती विझते. इंग्रजीत मात्र १९२७ साली अँरेप यांचे भाषांतर निघाले, त्यात हा शब्द 'कंडिशन्ड' असा गेला. 'कंडिशनल' असा गेला असता, तर अट जिवंत राहिली असती. 'कंडिशन्ड' म्हणजे कोणीतरी तसे करून ठेवलेला, एकदाचा घडवून मोकळा झालेला. शेवटच्या दोन अक्षरांचा फरक. पण एका शब्दात प्राणी परिस्थितीशी सौदा करतो आहे आणि दुसऱ्यात त्याच्यावर ठप्पा मारला गेला आहे. इंग्रजी पंडितांनी पुढे ही चूक बोलूनही दाखवली. तोवर शब्द रुळला होता आणि रुळलेला शब्द गावातल्या चुकीच्या पाटीसारखा असतो. लोक तिच्याच खाली गाडी थांबवतात.

मराठीत हा शब्द आला तेव्हा आणखी मौज झाली. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रा. व्ही. के. कोठुरकरांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके आली, परिभाषा ठरवणाऱ्या समित्या बसल्या, आणि 'कंडिशनिंग'ला शब्द ठरला 'अभिसंधान'. हिंदीने 'अनुबंधन' घेतला. बांधणे, जोडणे एवढ्यावर तो थांबतो. मराठीचा शब्द खोल पाण्यातला आहे. संस्कृतात अभिसंधी म्हणजे हेतू, मनात धरलेले उद्दिष्ट. प्रसंगी डावपेच सुद्धा. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात फळावर नजर ठेवून केलेल्या यज्ञाला राजस म्हटले आहे, तेथे 'अभिसंधाय' हेच रूप आले आहे. भाष्यकारांची 'फलाभिसंधी' तीच. म्हणजे ज्या पंथाने हेतू हा शब्द दाराबाहेर काढला, त्याच्या मुख्य क्रियेला मराठीने नाव दिले तेच मुळी हेतूचे! आणि स्किनरच्या पद्धतीला आपली पुस्तके म्हणतात 'साधक अभिसंधान'. दाण्यासाठी चोच मारणारे कबूतर हे साधक, आणि तेही फळावर डोळा ठेवणारे. समितीच्या मनात यातले काही होते असे मला वाटत नाही. त्यांना जोडणी सुचवणारा एक भारदस्त शब्द हवा होता. पण शब्द आपली पूर्वपीठिका घरी ठेवून येत नाहीत.

'स्टिम्युलस'चे तर त्याहून मजेचे आहे. लॅटिनमध्ये हा शब्द बैलाला टोचायच्या काठीचा, म्हणजे आपल्या पराणीचा. चाकण बाजारात जनावरे घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांना पराणी सांगावी लागत नाही. तिच्या टोकाला खिळा असतो आणि बैलाच्या पुठ्ठ्याला ती ठाऊक असते. शरीरशास्त्रज्ञांनी ही पराणी उचलली आणि बेडकाच्या नसेला विजेचा टोचा देण्याला तेच नाव दिले. तेथून ती मानसशास्त्रात शिरली. येता येता टोचणे हा अर्थ गळाला आणि जे काही इंद्रियांवर आदळते ते सारे, रंग, आवाज, शब्द, वर्गातली अख्खी परिस्थिती, 'स्टिम्युलस' झाले. अर्थ इतका फुगला, की शब्दाने काही सांगितलेच नाही असे व्हायला लागले. नोम चॉम्स्की याने १९५९ साली स्किनरच्या भाषेवरील पुस्तकाचे परीक्षण लिहिले, त्यात त्याने नेमके येथेच बोट ठेवले. प्रयोगशाळेत नेमके असलेले शब्द बाहेर आणले, की ते जुन्याच बोलीचा भारदस्त वेष होतात, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ.

मराठीत पराणी कोणी घेतली नाही. पुस्तकांनी दोन शब्द चालवले. एक 'उद्दीपक'. हा काव्यशास्त्राच्या घरचा. शृंगाराला चांदणे आणि वसंतवारा हे उद्दीपन विभाव. दुसरा 'चेतक', चेतवणारा. आणि १९७२ सालापासून आमच्या पट्ट्यात चेतक या शब्दाचा एकच अर्थ झाला. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन आकुर्डीच्या बजाजची स्कूटर निघाली. ती मिळावी म्हणून लोक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. प्रतिक्रिया आधी करून ठेवायची आणि चेतक मागाहून, असा हा उलटा प्रयोग. २०२० च्या जानेवारीत तोच चेतक विजेवर चालणारा होऊन परत आला. 'चेतक म्हणजे काय?' असे मी वर्गात विचारतो तेव्हा उत्तर कोणत्या दिशेने येणार हे मला वर्तनवादी नसतानाही आधीच ठाऊक असते.

स्किनरबद्दल मला थोडी आपुलकी आहे. ती शास्त्रामुळे नव्हे. बऱ्हस फ्रेडरिक स्किनर याला मुळात लेखक व्हायचे होते. १९२६ साली पदवी घेतल्यावर तो आईबापांच्या घरी माळ्यावर लिहायला बसला. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट याने त्याच्या कथांना बरे म्हटले होते. पण वर्षभरात त्याला कळून चुकले, की सांगण्यासारखे आपल्याकडे काही नाही. मग त्याने वॉटसन आणि पाव्हलॉव्ह वाचले आणि तो हार्वर्डला गेला. माणसाच्या आत काय चालते हे लिहिता येईना, तेव्हा आत काही पाहायचेच नाही अशा शास्त्राकडे तो वळला, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हां लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्या माळ्यावरच मुक्काम केला, हे त्याहून वाईट की बरे, कोण जाणे.

त्याच्या आधी थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून दाखवले होते, की ज्या हालचालीने दार उघडते ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करते. स्किनरने यातून 'समाधान', 'त्रास' असले मनाचे शब्द काढून टाकले आणि 'रिइन्फोर्समेंट' हा पाव्हलॉव्हकडून आलेला शब्द पुढे केला. मराठीत तो 'प्रबलन'. हा शब्द कळायला आमच्या भागात शब्दकोश लागत नाही; बिल्डिंगचा पाया भरताना सळया बांधतात ते इंग्रजीत रिइन्फोर्समेंटच. सळई बांधली की काँक्रीट बळकट होते. तसे, एखाद्या वागण्यामागून जे आल्याने ते वागणे बळकट होते, ते प्रबलन. बळकट वागणे होते, माणूस नव्हे. म्हणून प्रबलन आणि बक्षीस एक नव्हेत. एखाद्याला वार्षिक समारंभात कुकर दिला आणि त्याच्या कामात तिळमात्र फरक पडला नाही, तर ते बक्षीस होते, प्रबलन नव्हते. आणि मुकादमाची कटकट थांबावी म्हणून कोणी हेल्मेट डोक्यावर चढवले, तर कटकट थांबणे हेही प्रबलनच. त्याला ऋण प्रबलन म्हणतात. मास्तरांच्या परीक्षेत निम्मे लोक याला शिक्षा समजून गुण घालवतात.

१९५७ साली फर्स्टर आणि स्किनर यांनी एक जाडजूड ग्रंथ काढला. प्रबलन कधी आणि किती वेळा मिळते त्यावर वागण्याची चाल कशी बदलते, याचे आलेखच आलेख त्यात आहेत. ठरावीक चोचींनंतर दाणा दिला, तर कबूतर दाणा खाऊन जरा थबकते आणि मग पुन्हा सपाट्याने सुटते. दाणा कधी तिसऱ्या, कधी तिसाव्या चोचीला दिला, तर ते थबकतच नाही. मटक्याचा नंबर लावणाऱ्यासारखे लागून राहते. पहिल्या रीतीची तुलना स्किनरने स्वतःच नगावर मजुरी देण्याशी केली होती. नगावर पैसे दिले की हात पळतो. हे सांगायला कबुतरे कशाला हवीत, असे भोसरीतला कोणताही ठेकेदार विचारील. पण ठेकेदार दुसरी बाजू बोलत नाही. हात पळतो तेव्हा तो कोणकोणत्या गोष्टींवरून उडी मारून पळतो, ही ती बाजू.

तिथेच माझा या शब्दांशी खरा संबंध आला. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची उजव्या हाताची दोन बोटे प्रेसमध्ये गेली. छोटी शेड, मोठ्या कंपनीसाठी पत्र्याचे भाग ठोकून देणारी. प्रेसला दोन बटणे असतात, दोन्ही हातांनी एकदमच दाबायची. हेतू हा, की डाय खाली येताना दोन्ही हात बाहेर गुंतलेले असावेत. पण दोन्ही हात गुंतले की नग हळू निघतात आणि पैसे नगावर. तेव्हा एका बटणात काडी अडकवायची, ते दाबलेलेच ठेवायचे, एका हाताने दुसरे दाबायचे आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायचा. शेडमध्ये सगळे असेच करीत, आणि पाहणारे पाहत. अपघाताच्या कागदावर कारणाच्या रकान्यात लिहिले गेले, 'कामगाराचे असुरक्षित वर्तन'.

हा रकाना कोठून आला ते शोधले, तर वाट १९३१ सालापर्यंत मागे जाते. हर्बर्ट हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा अधिकाऱ्याने पंच्याहत्तर हजार अपघातांच्या नोंदी चाळून निष्कर्ष काढला, की शंभरात अठ्ठ्याऐंशी अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात, दहा असुरक्षित यंत्रांमुळे आणि दोन टाळता न येण्याजोगे. आकडा सुटसुटीत होता, जगभर पसरला. पुढे टीकाकारांनी साधा प्रश्न विचारला: त्या नोंदी लिहिल्या कोणी? विम्याची प्रकरणे आणि मालकांचे अहवाल. बोटे गेलेल्या माणसाला कारणाचा रकाना भरायला कोणी दिला नव्हता. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे एकविसावे कलम मात्र माणसाच्या वागण्याची चौकशी करीत नसे. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घाला, एवढेच ते बजावत असे. कायदा वर्तनवादी नव्हता, पण स्किनरच्या अधिक जवळ होता, असे मला वाटते.

कारण खरा वर्तनवाद काय म्हणतो? वागणे परिस्थिती घडवते. वागणे बदलायचे तर परिस्थिती बदला. १९४८ साली स्किनरने 'वॉल्डन टू' नावाची एक कादंबरी लिहिली. कादंबरी म्हणून ती रटाळ आहे. पात्रे व्याख्याने देतात आणि ऐकणारी पात्रे माना डोलावतात. पण तिच्यात एक जागा चांगली आहे. प्रयोग फसला म्हणून जनावरावर खेकसणारा नायक भानावर येतो, आणि त्याला कळते की जनावराने जे करायला हवे होते तेच केले. चुकली होती आपली मांडणी. या एका जागेसाठी मी त्याची बाकीची पाने माफ करतो. नगावर पैसे, बटणांची गैरसोय, आणि पाहूनही न पाहणारा मुकादम, अशी मांडणी असेल, तर काडी अडकवणारा हात हा त्या मांडणीचा अगदी बरोबर निकाल होय.

हे शास्त्र कारखान्यात प्रामाणिकपणे वापरले गेल्याचेही दाखले आहेत. १९७८ साली ज्युडी कोमाकी या बाईंनी अमेरिकेतल्या एका बेकरी पदार्थांच्या कारखान्यात प्रयोग केला. सुरक्षित रीत कोणती हे त्यांनी कामगारांना चित्रांसह नेमके दाखवले, ती किती वेळा पाळली जाते हे मोजले आणि त्याचा आलेख भिंतीवर लावला. मुकादमांना सांगितले, नीट केलेल्या कामाची दखल घ्या. एका विभागात सुरक्षित रीतीचे प्रमाण शेकडा ७० वरून ९५ च्या पुढे गेले, दुसऱ्यात ७८ च्या आसपासचे ९९ वर पोचले. मग त्यांनी आलेख काढून घेतला, आणि आकडे घसरून जवळजवळ जुन्या जागी आले. पाव्हलॉव्हची अट येथे पुन्हा भेटते. आज आपल्या शेडमध्ये कार्डे घेऊन हिंडणारी जी पद्धत आहे, ती या घराण्यातली. पण मूळ प्रयोगात आलेख आणि शाबासकी होती, कोणाला दोषी धरायचे नव्हते. आपल्याकडे पोचेपर्यंत 'वर्तन' शब्दाच्या अंगावर दाखल्याच्या रकान्यातला जुना निवाडा पुन्हा चढला. वॉटसनने धुऊन ठेवलेला शब्द मराठीच्या कपाटात राहून पूर्वीसारखा झाला. मोठ्या कारखान्यांतून आता हे समजणारे अभियंते आहेत, त्यांच्याशी मी बोललो आहे. प्रश्न त्यांना भाग पुरवणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या शेडांचा आहे, जिथे पुस्तकातून फक्त शब्द पोचतो.

कामगारांच्या बोलीत या सगळ्यासाठी स्वतंत्र शब्द आहे. ते म्हणतात, 'हात बसला.' नवा पोरगा मशीनवर आला, की आठवडाभर तो हाताकडे पाहतो. मग एके दिवशी हात बसतो आणि डोके घरच्या हप्त्यांचा विचार करायला मोकळे होते. मला हा शब्द 'अभिसंधान'पेक्षा नेमका वाटतो. त्यात हेतू नाही, ठप्पाही नाही. हात, काम आणि काळ, तिघांचे एकमेकांशी जमले एवढेच त्यात आहे. परिभाषा समितीवर एखादा टर्नर असता, तर कदाचित हा शब्द पुस्तकात गेला असता.

त्या मुलीचे वडील आता दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. पालकसभेला आले होते, तेव्हा मी त्यांना त्या कागदाविषयी विचारले. कारण तुम्ही लिहिले असते, तर काय लिहिले असते? त्यांनी डाव्या हाताने बाकावर दोन ठिकाणी बोट टेकवून दाखवले. "एवढं अंतर होतं बटणांत, सर. काडीनं जमत होतं. नंतर त्या प्रेसला लाइट कर्टन बसवला त्यांनी. हात आत गेला की मशीनच थांबतं. आता काडी लावा नाहीतर लावू नका." मग त्यांनी मुलीचे गणित कसे चालले आहे ते विचारले.